वंशावळीचा फोल्डर लावून दिल्याबद्दल खुले आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या घरातील वंशावळीचे काम आपण ज्या रीतीने मार्गी लावून दिलेत, त्याबद्दल तोंडी आभार मानून झाले आहेत. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात सध्या घरोघरी वंशावळी जुळवल्या जात आहेत. कुणी जातपडताळणीसाठी, कुणी वारसनोंदीसाठी, तर कुणी निव्वळ हौसेने. माहिती कशी गोळा करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. गोळा केलेली माहिती संगणकात नेमकी कुठे राहते, हे विचारणारे मात्र आपणच पहिले भेटलात.

नवीन संगणक घेण्याचे ठरले, तेव्हा जुन्या संगणकावरील वंशावळीच्या सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर उचलून नव्यावर ठेवावा, असे मुलांनी सुचवले होते. आपण कॉपी करण्याआधीच थांबवलेत आणि म्हणालात, "यातले काय पुन्हा मिळेल आणि काय मिळणार नाही, ते आधी वेगळे करू." सॉफ्टवेअर पुन्हा मिळते. माझ्या आजेसासऱ्यांच्या नावाच्या मोडीतील कागदाचा फोटो, अक्कलकोटच्या आत्याबाईंनी कन्नडमिश्रित मराठीत सांगितलेली माहेरची नावे आणि बैलावरून आलेल्या हेळव्याने, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याने, म्हटलेली वंशावळ सासऱ्यांनी पोस्टकार्डाच्या पाठीवर उतरवून घेतली होती ती, यांपैकी काहीही पुन्हा मिळणारे नाही.

त्यानंतर जे घडले ते सविस्तर लिहिते, कारण जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल. प्रोग्रॅम फाइल्समधील त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात डेटाची फाइल दिसत होती. पण तिची तारीख सॉफ्टवेअर इन्स्टॉल केले त्या दिवसाची होती आणि पडद्यावर तर गेल्या वर्षी जन्मलेल्या नातवाचे नावही होते. ही विसंगती आपल्या नजरेतून सुटली नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याच्या खात्यावरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिता येत नाही, आणि ज्या जुन्या सॉफ्टवेअरना हे ठाऊकच नसते, त्यांनी तिथे लिहिलेले विंडोज गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरातील व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या उपफोल्डरात नेऊन ठेवते, हे आपण समजावून सांगितलेत. ॲपडेटा हा फोल्डर मुळातच लपवलेला असतो. आमची खरी, चालू फाइल तिथे सापडली. दिसणारा फोल्डर तेवढा नव्या संगणकावर गेला असता, तर मधल्या वर्षांतील सगळ्या नोंदी मागे राहिल्या असत्या.

पुढे वंशावळीसाठी ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे हा सल्लाही आपलाच. जुन्यातून नव्यात माहिती नेण्यासाठी आपण जेडकॉम या सामाईक आराखड्यातील फाइल काढलीत. अमेरिकेतील लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चने १९८४ साली आणलेला हा आराखडा आजही वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरना वाचता येतो. फाइल काढताना यूटीएफ-८ ही देवनागरीसकट सगळ्या लिप्या नीट साठवणारी पद्धत निवडण्याचा आपला आग्रह किती योग्य होता, हे आधी काढून पाहिलेल्या प्रतीत दिसलेच होते. तिथे 'ज्ञानोबा'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होती.

ग्रॅम्प्सचा डेटाही मुळात लपलेल्या फोल्डरातच जातो आणि तिथे प्रत्येक वंशावळीच्या फोल्डराला इंग्रजी अक्षरे व आकडे मिळून एक अनाकलनीय नाव असते. आपण सेटिंगमध्ये जाऊन डेटाबेसची जागा बदललीत. आता सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर आहे, आणि डी ड्राइव्हवर 'वंशावळ' नावाच्या एकाच फोल्डरात डेटा, फोटो, कागद आणि बॅकअप असे चार कप्पे आहेत. सोलापूरकराला पटेल असे आपण म्हणालात, की माग मोडला तर दुसरा बसवता येतो, पण विणलेले कापड मागावरच ठेवून कुणी माग भंगारात देत नाही.

फोटोंची व्यवस्था मला सर्वांत मोलाची वाटते. ग्रॅम्प्स फोटो स्वतःच्या पोटात घेत नाही, फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवतो, हे ठाऊक नसल्यामुळे किती घरांतील फोटो संगणक बदलताच 'सापडत नाही' असे दाखवत असतील! आपण एक पायाभूत फोल्डर ठरवून सगळे पत्ते त्याच्या सापेक्ष, म्हणजे त्या फोल्डरापासून पुढचेच, करून दिलेत, त्यामुळे उद्या डी ड्राइव्हचा ई ड्राइव्ह झाला तरी एकच ओळ बदलावी लागेल. फायलींची नावे मात्र रोमन लिपीतच हवीत, हा आपला नियम मी पाळला असला तरी मनापासून पटलेला नाही. जुनी झिप सॉफ्टवेअर देवनागरी नावांचा चुथडा करतात हे मान्य. पण नवऱ्याच्या आजीचे 'गंगूबाई' हे नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिले जाते आणि मग शोधताना तिन्ही लिहून पाहावे लागते, त्याचे काय?

चालू डेटाबेस क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरात ठेवायचा नाही, हा नियम मात्र निमूटपणे मान्य. ग्रॅम्प्स उघडा असताना क्लाउडने अर्धवट लिहिलेली फाइल उचलली, तर प्रतही अर्धवटच होणार. म्हणून आता क्लाउडवर जातो तो फक्त ग्रॅम्प्सने एकाच फाइलमध्ये फोटोंसकट बांधलेला जीपीकेजी बॅकअप. त्याची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर, लोखंडी कपाटात असते. पत्र्याखालच्या माळ्यावर ती ठेवू दिली नाहीत हे बरे केलेत. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथे माणूसही टिकत नाही.

बॅकअप घेतला एवढ्यावर आपण समाधान मानले नाहीत. मोहोळच्या पुतण्याच्या लॅपटॉपवर नवीन रिकामी वंशावळ उघडून तो बॅकअप आयात करून पाहायला लावलात, आणि हेळव्याच्या यादीचा फोटो तिथे योग्य नावाखाली उघडला तेव्हाच आपण चहाचा कप हातात घेतलात.

एक काम अजून बाकी आहे. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नातलग जमतील तेव्हा प्रत्येक शाखेला एक प्रत द्यावी, असा विचार आहे. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा व पत्ते वगळून फाइल काढण्याची सोय ग्रॅम्प्समध्ये आहे, असे आपण सांगितले होते. वाटायच्या प्रती तशाच काढाव्यात आणि संपूर्ण प्रत फक्त मोहोळला व आमच्याकडे असावी, असे मला वाटते. संक्रांतीपूर्वी एकदा येऊन ती सेटिंग आपल्या नजरेखालून घालावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
जुळे सोलापूर येथील आपली सूनबाई