फसलेल्याला हसू नका, आधी १९३० लावा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सांगलीत विश्रामबागेकडं माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. पूर्वी लोक फुटलेला डिस्प्ले घेऊन यायचे, आता वेगळीच तक्रार घेऊन येतात, व्हॉट्सअॅपवर काहीतरी आलं, दाबलं आणि खात्यातले पैसे गेले. तुमच्या पेपरात अशा बातम्या येतात पण त्या गुन्हा दाखल झाल्यावर, आणि गुन्हा दाखल करायला जाणारी माणसं थोडीच असतात हो, बाकीचे गप्प बसतात. मला त्या गप्प बसणाऱ्यांबद्दलच लिहायचंय.

तासगाव भागातले एक बागायतदार आले होते, वय साठीच्या पुढचं. म्हणाले फोन सारखा गरम होतोय आणि बँकेचे मेसेजच दिसत नाहीत. बघितलं तर सख्ख्या भाच्याच्या नंबरवरून लग्नपत्रिका आलेली, फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे पत्रिका नव्हेच, फोनमध्ये अॅप बसवायची फाईल. पत्रिका म्हणून उघडायला गेले तर फोननं विचारलं इन्स्टॉल करायचं का, मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली, घरातलंच लग्न म्हटल्यावर माणूस कशाला शंका घेतोय, सगळीकडं हो हो म्हणत गेले. त्या अॅपचं चिन्हसुद्धा स्क्रीनवर राहिलं नव्हतं, सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या अॅपची यादी काढली तेव्हा सापडलं. बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडं जात होते आणि बेदाण्याचं पेमेंट नुकतंच जमा झालेलं. कधी झालं विचारलं तर म्हणे परवा. घरात कुणाला बोललेच नव्हते. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं म्हणून अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "पोराला कळू देऊ नका तेवढं."

साहेब, चोराचं निम्मं काम हे "कळू देऊ नका" करतं. गेलेला पैसा एका खात्यात बसून राहत नाही, तो काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढून मोकळे होतात. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनचा नंबर आहे. तिथं लगेच कळवलं की ती तक्रार बँकांकडं जाते आणि जिथं पैसा सापडेल तिथं तो अडवून ठेवता येतो. पण पैसा खात्यात असेल तरच ना? दोन दिवसांनी काय अडवणार. रिझर्व बँकेनंसुद्धा २०१७ मध्येच नियम केलाय की आपण बँकेला कळवल्यानंतर पुढं खात्यातून जे काही जाईल ते नुकसान बँकेनं सोसायचं. म्हणजे गप्प बसलेला एकेक तास आपल्या खिशातून जातो.

आणि माणसं गप्प का बसतात तर आपणच हसतो म्हणून. "एवढा शिकलेला माणूस आणि फसला कसा" हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो, ज्याचं गेलंय त्याच्या तोंडावर. अहो, हे हावरटपणानं फसलेले लोक नसतात बहुतेक वेळा. भाच्याची पत्रिका उघडणं हा काय गुन्हा आहे? पीएम किसानच्या नावानं अशीच फाईल येते, आरटीओच्या चलनाच्या नावानं येते, बँकेच्या केवायसीच्या नावानं येते, आणि ज्याचा फोन असा ताब्यात गेलाय त्याच्याच नंबरवरून पुढं सगळ्या पाव्हण्यांना आणि ग्रुपला जाते. आपल्याकडं नाव बघून विश्वास ठेवायची पद्धत आहे आणि चोरानं नेमकं तेच हेरलंय.

त्यामुळं "अनोळखी नंबरपासून सावध राहा" एवढ्यावर आता भागत नाही. ओळखीच्या नंबरवरून "अर्जंट पाच हजार टाक, संध्याकाळी देतो" असा मेसेज आला तर पैसे टाकायच्या आधी त्या माणसाला साधा फोन लावा, त्याचा आवाज ऐका. "चुकून तुझ्याकडं सहा आकडी कोड आलाय, तेवढा पाठव" असं कोण म्हणालं तर तो कोड तुमचंच व्हॉट्सअॅप पळवायचा असतो, आईनं मागितला तरी देऊ नका, कारण मागणारी आई नसतेच. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, ती कधी इन्स्टॉल करावी लागत नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. आणि डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हे सांगितलंय तरी रिटायर झालेली माणसं अजून घाबरून दार बंद करून कॅमेऱ्यासमोर बसतात, कारण पलीकडचा तोतया पोलीस पहिलं हेच सांगतो की घरात कुणाला बोलायचं नाही. परत तेच बघा, गप्प बसवणं.

व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन असतं, तिथं सहा आकडी पिन टाकून ठेवला की नुसत्या कोडवर कुणाला तुमचं अकाउंट दुसऱ्या फोनमध्ये उघडता येत नाही. लिंक्ड डिव्हाइसमध्ये आपल्या ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर लगेच लॉग आउट करा. हे कुणाला जमत नसेल तर जवळच्या दुकानात जा, पाच मिनिटांचं काम आहे, मी तरी त्याचे पैसे घेत नाही.

आणि झालंच काही, तर पहिल्यांदा फोनचं नेट बंद करा, सिम काढा, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा आणि बँकेला खातं अडवायला सांगा. भीतीनं किंवा लाजेनं लोक चॅटच डिलीट करतात, ते करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा, तक्रारीत हेच विचारतात. नंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करायची असते, ती घरातल्या पोरांनी भरून द्यावी. पण आधी पोरांनी आईबापावर ओरडायचं बंद करावं, मी हात जोडून सांगतो. त्या बागायतदारांचा मुलगा नंतर दुकानात आला, त्याला कळलं होतंच, तो म्हणाला मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्यांना. बापाला मात्र तसंच वाटत होतं.

आता तुमच्याकडं मागणं. व्हॉट्सअॅप आपल्याला नको झालेलं नाही, २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आपण सगळे त्याच्यावरच बघत होतो, बाजारातले निम्मे सौदे आता त्याच्यावर ठरतात. तर तुम्ही रोज हळद, गूळ, बेदाण्याचे दर छापता, ते पान शेतकरी न चुकता वाचतात. त्या दरांच्या शेजारी रोज, अगदी रोज, १९३० हा नंबर मोठ्या अक्षरात छापा आणि खाली एवढंच लिहा की फसला असाल तर आत्ता फोन करा, घरच्यांनाही आत्ताच सांगा. दूध संस्थांनी आणि सोसायट्यांनी तेच कात्रण आपल्या फळ्यावर लावावं.

आपला,
विश्रामबागेतला एक मोबाईल दुकानदार, सांगली