सीडींची ती पिशवी भंगारात देऊ नका

महोदय,

म्हापशात मी बरीच वर्षं संगणक दुरुस्त करतो. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हापासून जुना पीसी काढून नवा लॅपटॉप घेणारे वाढलेत. त्यातले काहीजण जुन्या गेमच्या सीडींची पिशवीही सोबत आणतात आणि म्हणतात, 'हीसुद्धा टाका.' या पिशवीसाठी हे पत्र.

त्या सीडींतले गेम नव्या यंत्रावर चालत नाहीत, हे खरं. आजच्या 64 बिट विंडोजवर जुन्या विंडोजसाठी लिहिलेले 16 बिट प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत, आणि नव्वदच्या दशकातल्या कितीतरी गेमचा इन्स्टॉलर 16 बिटचा आहे. सेफडिस्कचं कुलूप (सीडीची नक्कल रोखणारी सोय) असलेल्या गेमना लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विंडोज 10 मधून वगळला. सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं, पण मूळ सीडी विकत घेणाऱ्याचा गेम त्यात अडकला.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक. त्यासाठीचा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात आपल्याकडची मूळ विंडोज 98 किंवा एक्सपीची सीडी आणि तिच्यासोबतचा की क्रमांक वापरायचा. 98 ला 256 एमबी रॅम पुरते. 512 च्या वर दिली तर ते अडखळायला लागतं. ते बसलं की पडदा 640 बाय 480 आणि 16 रंगांवर अडकतो, आणि बहुतेकजण इथेच नाद सोडतात. सोडू नका. व्हीईएसए या पडद्याच्या सर्वसाधारण मानकाचा वेगळा डिस्प्ले ड्रायव्हर घातला की रंग उघडतात. थ्रीडी कार्ड मागणाऱ्या गेमना मात्र जुन्या पीसीची नक्कल करणारा 86बॉक्स हा प्रोग्रॅम बरा, त्यात त्या काळचं व्हूडू हे थ्रीडी कार्डसुद्धा उभं करता येतं. पण त्याला प्रोसेसर दमदार लागतो. विंडोजच्या आधीच्या निव्वळ डॉसवर चालणाऱ्या गेमना डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम पुरे.

आधार संपलेलं विंडोज म्हणजे व्हायरसला आवतण, असं लोक बजावतात. नेटला जोडलं तर ते अगदी खरं आहे. म्हणून मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क अ‍ॅडाप्टर बंद करा, शेअर्ड फोल्डर ठेवू नका, आणि त्यात बँकेचं काम तर कधीच करू नका. गेमला नेट लागत नाही.

घाई आहे ती सीडींची. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या सीडीवर बुरशी चढते. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. मग उजेडासमोर धरून बघा: सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तिथला चकचकीत थर गेलेला आहे. वाचता येतात तोवर आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत, करून ठेवा. मूळ सीडीही जपा, कुलपाचे गेम तीच मागतात.

या पिशव्यांत नुसते परदेशी गेम नसतात. मराठी अक्षरओळखीच्या, बडबडगीतांच्या सीडीही माझ्या हाती आल्यात, आणि त्यांना दुसरी प्रत मिळेलच असं नाही. पणजीतल्या पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय 1832 पासूनचं आहे. तिथे नेट तोडलेल्या एका संगणकावर अशी जुनी विंडोज बसवून, सोबत एक चांगला सीडी ड्राइव्ह ठेवावा आणि मराठी सीडींच्या प्रती ग्रंथालयाने स्वतःकडे जमवायला घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मशीन बसवून द्यायला मी विनामूल्य येईन.

– संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक, म्हापसा