पट्टीची एकेक ओळ

पुणे, मंगळवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर आपण तिघंही 'जेवलात का' आणि 'गोळ्या घेतल्या का' याच्या पुढे जात नाही, म्हणून.

गेल्या महिन्यात माझं प्रमोशन हुकलं. तुम्हाला बोललो नव्हतो. कामात खोट नव्हती. पण हाताखालच्या लोकांनी नाव न घालता अभिप्राय लिहिले होते, त्यात एक होता : 'सरांना अडचण सांगण्यापेक्षा ती लपवणं सोपं जातं.' दोन दिवस घास उतरला नाही. मग कंपनीने संवादकौशल्याच्या शिबिराला धाडलं. पहिल्याच तासाला फळ्यावर 'जोहरी विंडो'. मला वाटलं, जोहरी आडनावाचा कुणी आपल्याकडचाच असेल. निघाले दोन अमेरिकन, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम. १९५५ साली त्यांनी चार तावदानांची खिडकी मांडली आणि 'जो' नि 'हॅरी' जोडून तिचं बारसं केलं. एका तावदानात सगळ्यांना दिसणारा मी, दुसऱ्यात मी झाकून ठेवलेलं, तिसऱ्यात लोकांना दिसतं पण मला दिसत नाही ते, चौथ्यात कुणालाच ठाऊक नसलेलं. माझा सगळा माल तिसऱ्यात निघाला.

दुपारी ऐकण्याचा तास. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये हे मांडलं, शब्दांमागची भावना ऐका म्हणून. आमच्या वर्गात मात्र नुसते शब्दच परत यायला लागले. सगळेजण एकमेकांना "म्हणजे तुला असं म्हणायचंय का" विचारत सुटले. हसू दाबताना मला एकदम सांगलीच्या मार्केट यार्डातलं दुकान आठवलं.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर अडतीवर यायचो. राजापुरी हळदीचे सौदे जोरात, पापण्यांवरसुद्धा पिवळी धूळ. कडेगावकडच्या एका शेतकऱ्याने विक्रीच्या हिशेबाची पट्टी गादीवर भिरकावली, "दिवाणजी, ह्या भावात गाडीभाडंबी सुटत न्हाई." मी शहाणा मध्येच बोललो, "भाव सौद्यात ठरतो, आम्ही नाही ठरवत." खोटं नव्हतंच ते. तुम्ही मला पाणी आणायला पिटाळलंत. परत आलो तर तुम्ही पट्टीच्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता : वजन, भाव, हमाली, तोलाई. मग विचारलंत, "शिजवून वाळत घातली तेव्हा पाऊस लागला काय?" ते जरा गप्प झाले. "दोनदा लागला. रंग तिथंच गेला." मग पोरीचं लगीन काढलंय, तेही निघालं. भाव रुपयानेही वाढला नाही. पुढच्या हंगामात त्यांची गाडी आपल्याच दारात लागली.

पाच मिनिटांच्या कामाला तुम्ही तास लावता, म्हणून तेव्हा मी चिडायचो.

परवा टीममधल्या एका पोरीचं काम लांबलं. एरवी सगळ्यांसमोर झापलं असतं. या वेळी बाजूला बसवलं, "कुठे अडलंय?" एवढंच विचारलं आणि गप्प राहिलो. गप्प बसणं काय जड जातं हो! चहा निम्मा गार झाल्यावर ती बोलली. चाचणीला दिलेला डेटाच जुना होता, तिला पंधरा दिवसांपासून माहीत होतं. मला सांगायची छाती होत नव्हती.

आता तक्रार. बाबा, अख्ख्या यार्डाशी असं बोलणारे तुम्ही माझ्याशी कधी तसे बोलला नाहीत. दहावीत गणितात आपटलो तेव्हा नुसता चष्मा काढून ठेवलात. आपल्या दोघांतलं टपाल आईनेच वाहिलं, तेही बिनपगारी. आई, निरोपातलं तिखट तू वाटेत काढून टाकायचीस, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मी तरी काय केलं? गणपतीत फ्लॅटची कागदं पुढे टाकली, गावभागातलं घर विका म्हणालो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, हे आकडे तुम्हालाच सुनावले. पाणी तुमच्या घरात शिरलं होतं, माझ्या नव्हे. तुम्ही "बघू" म्हणालात आणि कुंड्यांना पाणी घालायला उठलात. मी तो होकार धरून दलालाला फोन लावला. रात्रभर तुमचा डोळ्याला डोळा लागला नाही, हे आईकडून कळलं.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटीने निघतोय. कागदं आणत नाही. घराचा विषय तुम्ही काढलात तरच. मला एकच विचारायचंय. त्या पुराच्या रात्री बोट दोनदा दारात येऊन गेली, आई वरून हाका मारत होती, आणि तुम्ही बॅटरी घेऊन पहाटेपर्यंत जिन्याच्या नवव्या पायरीवर बसून होता. मी इकडून फोनवर नुसता "बाहेर पडा, बाहेर पडा" ओरडत होतो. का बसला होतात, ते विचारायचं राहूनच गेलं.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, हे पत्र तू बाबांना वाचून दाखवू नकोस. चष्मा दे आणि त्यांनाच वाचू दे.