सूचना : नोव्हेंबरची नॅनोजेनमो कादंबरी

सभासदांनो, नॅनोजेनमोचा (संगणकाकडून कादंबरी लिहवून घेण्याच्या महिन्याचा) २०१३पासूनचा नियम तोच आहे : नोव्हेंबरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहून देणारा प्रोग्राम करायचा, शेवटी मजकुरासोबत कोडही खुला ठेवायचा. ('म्यांव' ५०,००० वेळा छापलं तरी नियमात बसतं. आपण इतकं आळशी व्हायला नको.)

साच्यात (रिकाम्या जागा सोडलेल्या तयार वाक्यांत) भरायची नामं नुसती ठेवू नका. प्रत्येकाचं लिंग आणि सामान्यरूप शेजारी नोंदवा : झाड, नपुंसकलिंग, झाडा-. नाहीतर 'मोठा नदी' आणि 'झाडखाली' पानोपानी दिसतील.

शब्द रेगेक्सने (अक्षरांचा नमुना देऊन मजकूर शोधायच्या पद्धतीने) मोजू नका. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं नेहमीचं रेगेक्स काना-वेलांटीला अक्षर मानत नाही. 'कविता'चे 'कव' आणि 'त' असे दोन शब्द होतात, आकडा उगाच फुगतो. साधं स्प्लिट (मोकळ्या जागांवर मजकूर तोडणारी आज्ञा) वापरा.