गावाच्या दगडावर नुसता आकडा नको, नावं हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात नेरूळला आमच्या बिल्डिंगजवळच्या चौकात एक कुरिअरवाला मुलगा पत्ता शोधत तीन चकरा मारून गेला. चौकाला एका शहीद जवानाचं नाव आहे पण पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर लावलेला, त्यामुळे त्याला पाटी दिसतच नव्हती. मी त्याला रस्ता दाखवला आणि घरी आल्यावर मनात आलं की पाटी उघडी असती तरी तिच्यावर आहे काय, नाव आणि पुढे चौक हा शब्द. तो जवान कुठल्या गावचा, कुठल्या रेजिमेंटचा, कधी गेला, यातलं काहीच नाही. मी अठरा वर्षं इथे राहते आणि मलाही माहीत नव्हतं. हे पत्र मी दोन महिने मनातल्या मनात लिहीत होते, ते त्या दिवशी लिहायला घेतलं.

माझी मुलगी आणि जावई ॲबर्डीनला असतात. यंदा मे-जूनमधे मी त्यांच्याकडे होते, जावयांनी सुट्टी काढली आणि आम्ही गाडीनं स्कॉटलंडच्या वरच्या भागात दहा दिवस फिरलो. डोंगर, तळी, किल्ले बघायला म्हणून निघालेलो, ते सगळं बघितलंही, पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. कुठल्याही गावात शिरा, चाळीस-पन्नास घरांचं का असेना, तिठ्यावर नाहीतर चर्चच्या कडेला एक दगड उभा असतोच. बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइटचा उंच क्रॉस, भोवती साखळी किंवा छोटं कुंपण, खाली लाल पॉपीच्या म्हणजे खसखशीच्या जातीतल्या एका रानफुलाच्या कागदी फुलांचं पुष्पचक्र, नोव्हेंबरमधे वाहिलेलं, उन्हापावसानं रंग गेलेला तरी कुणी उचललेलं नाही. आणि दगडावर नावं. वर १९१४-१९१८ ची लांबलचक यादी आणि त्याखाली १९३९-१९४५ ची त्याहून छोटी. पहिल्या दिवशी आम्ही दोन ठिकाणी थांबलो, तिसऱ्या दिवसापासून जावईच विचारायला लागले, आई इथे थांबायचं ना.

मी पोस्टात ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं सॉर्टिंगला. नाव आणि पत्ता दिसला की वाचायचाच ही हाताला डोळ्याला लागलेली सवय. त्यामुळे मी प्रत्येक दगडावरची सगळी नावं वाचायचे. डॉर्नीजवळ आयलिन डोनन किल्ल्यात मॅक्रे घराण्याचं स्मारक आहे, तिथे एकामागून एक मॅक्रे, मॅक्रे, मॅक्रे. आपल्याकडे एका वाडीत सगळे मोरे नाहीतर सगळे जाधव असतात ना, अगदी तसं. काही दगडांवर नावापुढे पलटण लिहिलेली, सीफोर्थ हायलँडर्स, कॅमरन हायलँडर्स, ब्लॅक वॉच, काही ठिकाणी त्याच्या घराचं किंवा शेताचं नाव सुद्धा. कॅनडाच्या, ऑस्ट्रेलियाच्या पलटणीतली नावं पण दिसतात. ही मुलं पोटासाठी तिकडे गेलेली, तिकडूनच भरती झाली आणि मेली, पण गावानं त्यांना आपल्याच दगडावर घेतलं. हे वाचून मला फार भरून आलं, कारण आमचं अख्खं गाव मुंबई-ठाण्याला पोटासाठी आलेलं आहे.

असा दगड गावागावात का, हे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं. पहिल्या महायुद्धात १९१५ मधे ठरलं की मेलेल्या सैनिकांचे देह घरी आणायचे नाहीत, जिथे पडले तिथेच पुरायचे. गरीब असो श्रीमंत असो, नियम एकच. म्हणजे आईबापांना जाऊन बसायला कबरच नाही, आणि हजारोंचे तर देह सापडलेच नाहीत. मग गावांनी वर्गणी काढून हे दगड उभे केले. म्हणून ते नुसतं स्मारक नाही, त्या घरांसाठी तीच कबर होती. ग्लेनेल्ग नावाचं गाव आहे, माम रॅटगनचा घाट चढून उतरून समुद्राच्या कडेला, रस्ता एकच गाडी जाईल एवढा. तिथे किनाऱ्यालगतच्या मोकळ्या गवतात एकटंच स्मारक उभं आहे, सर रॉबर्ट लॉरिमर या वास्तुकारानं केलेलं. हे तेच लॉरिमर ज्यांनी एडिंबराच्या किल्ल्यातलं स्कॉटलंडचं राष्ट्रीय युद्धस्मारक बांधलं, जे १९२७ मधे खुलं झालं. एवढ्या मोठ्या माणसाचं काम एवढ्याशा गावात. वर ब्राँझचे पुतळे, किल्ट घातलेला सैनिक, पंख असलेली देवता आणि गुडघ्यावर बसलेली एक बाई. समोर खाडीसारखं पाणी आणि पलीकडे स्काय बेट. मी तिथे अर्धा तास बसले. गाडीत डब्यात थालीपीठं होती ती खायचं पण सुचलं नाही.

स्पीन ब्रिजजवळचं कमांडोंचं स्मारक मोठं आहे, १९५२ चं, तीन कमांडो बेन नेव्हिसकडे बघत उभे, तिथे टुरिस्टच्या बसेस येतात. ते चांगलंच आहे पण माझा जीव छोट्या दगडांतच अडकला.

आता मुख्य गोष्ट. डिंगवॉलला स्टेशनजवळ एक लाकडी क्रॉस आहे, फ्रान्समधे कॅम्ब्राईच्या लढाईनंतर सीफोर्थच्या सैनिकांनी आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी उभारलेला आणि नंतर इथे आणलेला. तो बघून पुढे एका खेड्यात आम्ही चहाला थांबलो. तिथल्या दगडावर नावं वाचता वाचता एका सीफोर्थच्या शिपायाच्या नावापुढे मी शब्द वाचला, मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, १९१६. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

कारण आमच्या घरातला एक माणूस तिथेच गेला. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. आमचं गाव महाड तालुक्यातलं, सावित्री नदीच्या वरच्या अंगाला. घरात एवढंच सांगायचे की ते बसऱ्याला, म्हणजे इराकमधल्या बसरा शहराकडे गेले आणि आले नाहीत. कधी गेले ती तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान सर्वपित्री अमावस्येला वाढतात, आजी वाढायची, मग आई, आता वहिनी वाढते. देव्हाऱ्यात त्यांचा चांदीचा टाक आहे, त्याच्यावर नाव नसतंच. ब्रिटिश सरकारनं मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्राँझची एक गोल थाळी पाठवलेली, त्याच्यावर त्याचं नाव असायचं. ती आमच्याकडे होती असं आई सांगायची, पण दुष्काळात की आजारपणात भांड्यांबरोबर मोडीत गेली.

आता इतिहास थोडा सांगते, तो मी परत आल्यावर वाचला. डिसेंबर १९१५ मधे तुर्कांनी मेसोपोटेमियातल्या कुट गावी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या फौजेला वेढा घातला. ती फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला, उपासमार झाली, घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. या अडकलेल्या लोकांना सोडवायला जी फौज खालून वर येत होती तिच्यात पहिली सीफोर्थ आणि दुसरी ब्लॅक वॉच होती, शेख साद, हन्ना, सन्नाईयत इथे त्यांची माणसं ढिगानं पडली. सोडवायच्या या प्रयत्नांत एकूण २३ हजाराच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हणजे त्या स्कॉटिश खेड्यातला तो मुलगा आमच्या लोकांपर्यंत पोचायला निघाला होता आणि वाटेत मेला. त्याचं नाव त्याच्या गावात आहे, साल आहे, दरवर्षी नोव्हेंबरमधे तिथे दोन मिनिटं सगळं गाव उभं राहतं.

आणि आमच्या गावात? आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली आहे. अशा फरशा इंग्रजांनी खूप गावांत बसवल्या, मजकूर साधारण एकच. या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेली, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्या फरशीवर ३१ गेले, ५ मेले. बास. आकडा. लहानपणी आम्ही तिच्याखाली लगोरी खेळायचो. गेल्या काही वर्षांत चावडीला रंग मारताना त्या फरशीवरून पण ब्रश फिरवला गेला, आता ३१ मधला १ दिसत नाही.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून जास्त लोकांसाठी. त्याच्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं, साध्या शिपायांचा पलटणीप्रमाणे आकडा. सीफोर्थचा शिपाई नावानं आणि त्याच्याच लढाईतला मराठा शिपाई संख्येनं. हे मी रागानं सांगत नाही, मला दुःख होतं. २०२१ मधे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या समितीनं अहवालात हे मान्य केलं, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमधे माफी मागितली. चांगलं झालं. पण माफीनं आमच्या चावडीवर नाव येत नाही, ते आपल्यालाच लिहावं लागेल.

नीट केलं तर काय होतं ते पण मी तिकडे बघितलं. किंग्युसी गावाच्या दफनभूमीत नऊ भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत. दुसऱ्या महायुद्धात खेचरं घेऊन फ्रान्सला गेलेल्या आणि तिथल्या डंकर्क बंदरातून सुटून ब्रिटनला पोचलेल्या आपल्या तुकड्यांतले, बहुतेक पंजाबी मुसलमान. आज ते कुठल्या देशाचे म्हणायचे हा प्रश्न मला तिथे पडलाच नाही. प्रत्येकाच्या दगडावर नाव आहे, आणि गावातल्या एका बाईंनी कितीतरी वर्षं त्या कबरींची निगा राखली. कुठली ती बाई, कुठली ती मुलं.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात मारले गेले असं सांगतात आणि ते गाव हे अभिमानानं जपतं. माणगावला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, पळसगावचे, १० जुलै १९४४ ला इटलीत लढता लढता गेले. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या जुन्या सेलर्स होममधे ब्राँझच्या पाट्यांवर पहिल्या महायुद्धात बुडालेल्या २ हजारांहून जास्त खलाशांचं स्मरण आहे. रोज लाखो लोक त्या स्टेशनवरून जातात, किती जणांना ठाऊक आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की नावं गेलेली नाहीत. दगडावर नसली तरी कमिशनच्या नोंदीत शिपायांची नावं आहेत आणि ती आता इंटरनेटवर फुकट बघता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. आपल्या भागातल्या लोकांनी रायगड शोधू नये, तेव्हा जिल्हा कुलाबा होता, आणि कुलाब्याचं इंग्रजी स्पेलिंग कुठे सी वरून कुठे के वरून. गावांची नावं तर साहेबानं कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. मी आयुष्यभर वाचता न येणारे पत्ते लावत आले म्हणून मला ते जमलं, चष्मा लावून दुपारी दुपारी बसले, नातवानं कॉम्प्युटर लावून दिला. आजोबांचे भाऊ सापडले. ११७ मराठा. बापाचं नाव बरोबर, गावाचं स्पेलिंग चुकलेलं पण बोलून बघितलं की आमचंच. आणि तारीख पण आहे. शंभर वर्षं घरात कुणाला माहीत नव्हती ती तारीख. भावाला फोन केला तर तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला ताई, तिथी काढून ठेव.

म्हणून माझ्या विनंत्या आहेत. ज्या ज्या गावात अशी फरशी आहे तिथल्या ग्रामपंचायतीनं ती आधी रंगातून मोकळी करावी, आणि तिला हात न लावता तिच्याखाली दुसरी फरशी बसवून नावं लिहावीत, मराठीत, बापाच्या नावासकट. खर्च फार नाही, आमच्या गावच्या मुंबईकर मंडळानं पैसे द्यायचं कबूल केलंय. शाळेतल्या मुलांना हे शोधायचं काम द्या, ती आपल्यापेक्षा पटापट करतील. आणि इकडे ठाणे-नवी मुंबईत जिथे जिथे चौकाला जवानाचं नाव आहे तिथे पाटीवर दोन ओळी जास्त लिहा, गाव, पलटण, वर्ष, आणि त्या पाटीवर बॅनर लावू नका, कुणाचाही.

आमच्या गावच्या पाचांपैकी तीन नावं मला सापडली आहेत, दोन अजून नाहीत. महाड, पोलादपूर, माणगाव भागातली कितीतरी कुटुंबं कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, पनवेलला राहतात. कुणाच्या घरी पेटीत, माळ्यावर जुनं मेडल असेल तर त्याची कड जरूर बघा, कडेवर बारीक अक्षरात नाव आणि पलटण कोरलेली असते. ब्राँझची गोल थाळी असेल तर तिच्यावर पण नाव असतं. मोडीत देऊ नका. फोटो काढून तुमच्या पेपरकडे पाठवला तर तो माझ्यापर्यंत पोचवावा ही तुम्हाला विनंती, माझा पत्ता पाकिटावर आहे. सर्वपित्रीला मी गावी जाणार आहे, तोपर्यंत ती दोन नावं मिळाली तर फरशीवाल्याला पाचही एकदमच देता येतील.

आपली,
पोस्टातून निवृत्त झालेली एक वाचक,
नेरूळ, नवी मुंबई