दापोलीच्या घराची किल्ली

आंजर्ले,
28 मे 2025

प्रिय शैले,

फोनवर हे बोलता येत नाही. आमच्याकडे रेंज अण्णांच्या खोलीतच येते, आणि त्यांना स्वतःबद्दलचं बोलणं भिंतीपलीकडूनही ऐकू जातं. म्हणून हा कागद. दिवाळीनंतर मी लिहिलं नाही आणि तूही नाहीस, तेव्हा फिटंफाट. आम्ही बरे आहोत. ह्यांची शुगर तशीच, माझी पाठ तशीच.

शनिवारी ते कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरीजवळ किनाऱ्याला लागलं. टीव्हीवाले आधी चक्रीवादळ, चक्रीवादळ करत होते, पण तेवढं काही झालं नाही. तरी हर्णैच्या होड्या खाडीत शिरायला लागल्या तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. तिन्हीसांजेला लाइट गेली आणि अण्णांच्या ऑक्सिजनच्या मशीनने बोंब मारली. तुमच्या माईंची हवेची गादी निदान मुकाट बसायची गं. हे मशीन वाडी गोळा करतं. इन्व्हर्टरवर घेतलं, पंखे बंद केले, फ्रिज बंद केला आणि मी घड्याळ बघत बसले. बॅटरी 150 ॲम्पिअर-तासांची, मशीन 350 वॉट ओढतं. कागदावर पाच तास येतात, आमच्या म्हाताऱ्या बॅटरीने साडेतीनच दिले. पुढे सिलिंडर. लहान सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर. अण्णांना मिनिटाला दोन लिटर लागतो, म्हणजे जेमतेम बारा तास. पहाटे लाइट आली म्हणून निभावलं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळात गेलेली लाइट आपल्याकडे कधी आली, ते तुला सांगायला नको.

हो, तेव्हाचा तो जनरेटर. निघालाच आहे विषय तर लिहिते. मी अजूनही म्हणते, त्याच्यावर माईंच्या गादीआधी विहिरीचा पंप लावला ते बरोबरच होतं. सगळ्या वाडीला पाणी नको? तू माझ्याशी बोलणं टाकलंस आणि माईंना कुशीवर वळवताना चादरीचं एक टोक मी नि एक तू धरत होतीस, तेही न बोलता. दर दोन तासांनी! माई मध्येच म्हणाल्या होत्या, "भांडा गो जरा, झोप येत नाहीये." त्या एका वाक्यासाठी मी तुला सगळं माफ केलं. तू मला केलंस की नाही, ते कळव.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगते. सिलिंडरचा नट घट्ट बसला होता. धाकटे भावोजी मदतीला आले, पान्याने हलेना, तर म्हणतात, "वहिनी, खोबरेल आणा, दोन थेंब सोडू." मी अशी ओरडले की अण्णा उठून बसले. ऑक्सिजनच्या नटाला तेल लागलं तर तिथल्या तिथे पेट घेतं. गॅसवाल्याने पहिल्या दिवशीच बजावलं होतं, तेलाचा हातसुद्धा लावू नका. मग भावोजींनी हात साबणाने धुतले, कोरडे केले, पुन्हा पाना लावला आणि सुटला. तोवर सासूबाईंनी अंधार म्हणून समई लावून अण्णांच्या उशाशी आणून ठेवलेली. ती उचलून मी मागच्या पडवीत नेली, तर देवाचा दिवा हलवला म्हणून दोन दिवस अबोला. मेणबत्ती, उदबत्ती सगळं त्या खोलीतून हद्दपार केलंय. बॅटऱ्या आणल्यात.

आणि ह्यांचं वेगळंच. माणूस घाबरला की काटा वाढवतो. अण्णांना धाप लागली की ह्यांचा हात बटणाकडे. डॉक्टरांनी बजावलंय, अण्णांच्या फुप्फुसांना रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्के पुरे, उगाच वाढवलात तर गुंगी येईल. ते आता भिंतीवर लिहून चिकटवलंय, स्केचपेनने, मोठ्या अक्षरात.

आशाताई परवा येऊन नाव लिहून घेऊन गेली. ग्रामपंचायतीत यादी करतायत, कोणाच्या घरी उचलून न्यावं लागेल असं माणूस आहे त्याची. चांगलं आहे. वायरमनला म्हटलं, आमच्याकडे मशीनवरचा पेशंट आहे, आमची लाइन आधी बघ. तर म्हणतो, "काकू, खांबच पडला तर मी काय त्याच्या जागी उभा राहू?" 108 आहे, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा 1077 आहे, दोन्ही नंबर भिंतीवर आहेत. पण टॉवर पडला तर नंबर कशावरून लावायचा? आणि आसूदच्या उतारावर झाडं आडवी झाली की गाडी येणार कुठून? निसर्गच्या वेळी आपली पोरं कोयते नि करवती घेऊन रस्ता मोकळा करत होती. चिपळुणात 2021 च्या जुलैत कोविडच्या दवाखान्यात पाणी शिरलं, वीज गेली, माणसं दगावली. ते तर हॉस्पिटल होतं गं.

तेव्हा माझं एकच ठरलंय. वारा सुटल्यावर हलायचं नाही, सुटायच्या आधी हलायचं. ऑरेंज अलर्ट आला, बंदरात बावटा चढला, होड्या खाडीत आल्या की त्याच दिवशी, ऊन असलं तरी, निघायचं. लोक हसतील, हसू देत. दहा वेळा उगाच गेलो तर दहा वेळा परत येऊ.

घोडं अडलंय अण्णांपाशी. चाळीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. म्हणतात, "मी दुसऱ्याच्या गाडीत आडवा पडून जाणार नाही." घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी, नुसत्या पायऱ्या. डोली करू म्हटलं, तर म्हणाले, "डोली बघितली की मला तिरडी दिसते." शेवटी भावोजींनी प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून दाखवले. अण्णा बसले, चार पायऱ्या उतरले आणि वरून आवाज, "डावीकडे घ्या, ब्रेक!" म्हणजे चालवायला मिळणार असेल तर येतील, असं मी धरून चालले आहे. पण कुठे नेताय, हे विचारतात. आसऱ्याला शाळेत यायला साफ नकार.

म्हणून तुझं दापोलीचं घर. वर पठारावर आहे, स्लॅबचं आहे, सरकारी दवाखाना जवळ. बंदच असतं ना? जून ते सप्टेंबर किल्ली माझ्याकडे ठेवशील? भाडं म्हणशील तर देऊ, नको म्हणशील तर फणस पाठवू. मोठा सिलिंडर तिथे आधीच नेऊन ठेवायचा विचार आहे. सात हजार लिटरचा, दोन दिवस तरी खेचेल. सोबत नाकातली जादा नळी, पाना, औषधांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत. तुझ्या दादाला चालणार नसेल तर आत्ताच सांग, ऐनवेळी नको. आणि जनरेटरचा राग असेल तर तो माझ्यावर काढ, अण्णांवर नको. त्यांनी तेव्हा माईंना रोज शहाळं पाठवलं होतं.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन करतेस की नुसती म्हणतेस? पिंकीचा बारावीचा निकाल कळला, पेढे पोचले नाहीत. ठाण्यात नवीन घर घेताय असं उडत उडत ऐकलं, सविस्तर लिही.

किल्ली दापोलीच्या एसटीने कोणाबरोबर तरी पाठव, कुरिअरवर माझा भरवसा नाही. आणि मला नीट आठवत नाही म्हणून विचारते, दर्शनी खोलीत पलंगाजवळ प्लग आहे का? संडास कमोडचा आहे की उकिडवा? उकिडवा असेल तर खुर्ची इथूनच घेऊन यावी लागेल, तेव्हा तेवढं लगेच कळव.

तुझी,
मंगल