स्कूटरआधी सायकल घेऊन बघ

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

स्कूटरच्या डाउन पेमेंटचं विचारलंस. पैसे देतो, त्याची काळजी नको. पण तुझं ऑफिस खोलीपासून सहा किलोमीटरवर, रस्ता बराचसा सपाट. एवढं अंतर रमतगमत पायडल मारत गेलीस तरी अर्ध्या तासात पोचशील. गर्दीच्या वेळी स्कूटरवर पाच-दहा मिनिटं वाचतील खरी, पण ती पार्किंग शोधण्यात जातील. म्हणून म्हणतो, आधी सायकल घेऊन बघ.

पुणं आता सायकलींचं राहिलेलं नाही, हे मलाही दिसतं. 1985 च्या सुमारास आम्ही तिथे शिकत होतो तेव्हा कॉलेजच्या स्टँडवर सायकल लावायला जागा मिळायची नाही. रात्री दिव्यासाठी डायनामो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं, आणि न टेकवता निघालं की चौकात पोलीस हटकायचा. आता सायकल ट्रॅक आहेत, पण त्यांवर मोटारी उभ्या. 2017 मध्ये ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या, त्यांचं कौतुक झालं, आणि काही वर्षांत त्या दिसेनाशाही झाल्या. तेव्हा कोणी सोय करून देईल म्हणून थांबू नकोस. एखाद्या रविवारी सकाळी निघून आतल्या गल्ल्यांचा रस्ता शोधून ठेव. उभ्या मोटारींपासून चांगलं हातभर अंतर ठेव, दार कधी उघडेल सांगता येत नाही. बस डावीकडे वळू लागली की तिच्या डाव्या अंगाला घुसायचं नाही, कितीही जागा दिसो. ऑफिसात एक कोरडा कुर्ता ठेवून दे. रात्री उशीर झाला तर सरळ रिक्षा कर, सायकल एक रात्र तिथेच राहिली म्हणून रुसत नाही.

दुकानदार तुला जाड टायरची, पुढे सस्पेन्शनवाली दणकट सायकल दाखवेल. दिसायला झोकदार असते, पण डांबरी रस्त्यावर ते नुसतं ओझं. तू हायब्रिड घे, म्हणजे बारीक टायरची, सरळ हँडलची हलकी सायकल, आणि मडगार्ड, कॅरियर, स्टँड तिथेच बसवून घे. हल्ली हे तिन्ही लावले की सायकलीची ऐट जाते असं समजतात. अशा ऐटबाज सायकली रविवारपुरत्या घेतल्या जातात आणि दिवाळीपर्यंत बाल्कनीत त्यांच्यावर टॉवेल वाळत असतात. रोज भाजी आणि डबा वाहणारी सायकलच रविवारीही बाहेर निघते, कारण तिच्यात हवा भरलेली असते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेव. पायडल खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, तेवढीच सीटची उंची. सीट खाली ठेवून चालवलं की गुडघे दुखतात.

आणि सुट्टीत इकडे आलीस की माझी सायकल तुझीच. आपलं दापोली साधारण आठशे फुटांवर, हर्णै समुद्राला टेकलेलं, मध्ये पंधरा-सोळा किलोमीटर. थंडीत पहाटे निघायचं. त्या वेळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणजे वारा पाठीशी. आसूदच्या उताराला पायडल मारावंच लागत नाही. सुपारीच्या बागांतून गार हवा अंगावर येते आणि फ्रीव्हीलची टिकटिक तेवढी ऐकू येते. मोटारीतून हा उतार दोन वळणांत संपतो, काही कळत नाही. ब्रेक मात्र सतत दाबून धरू नकोस, थोडा दाब, सोड, पुन्हा दाब, आणि दोन्ही मिळून. बंदरावर चहा घ्यायचा, सुवर्णदुर्ग बघत बसायचं, मासळी घेऊन पिशवी कॅरियरला बांधायची. ऊन चढलं की वारा उलटतो, खारे वारे समुद्राकडून येऊ लागतात, आणि परतीच्या चढालाही वारा पाठीशीच! शाळेत भूगोलात घोकलेलं ते पहिल्यांदा मला पाठीवर कळलं. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका कर, मध्यावर बदलायला गेलीस की चेन कुरकुरते. दम लागला तर उतरून ढकलायची, त्यात कमीपणा नाही.

पंक्चर स्वतः काढायला शीक. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली की बुडबुडे येतात तिथे भोक. तो भाग पुसून, कोरडा करून पॉलिश पेपरने घास, सोल्युशन लाव आणि मग थांब. इथेच सगळे घाई करतात. सोल्युशन ओलं असताना पॅच दाबला की तो संध्याकाळपर्यंत सुटतो. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाब. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरव, पण हलक्या हाताने. बाभळीचा काटा आतच राहिला असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा फोन कर. पंप आणि कुलूप घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. हेल्मेटचे पैसे आई देणार आहे, आणि रंग भडक हवा असं तिचं म्हणणं आहे.